आधी आवाज, मग हात

माझ्या उजव्या मांडीत आता एक सळई आहे. डॉक्टर म्हणाले, आयुष्यभर टिकेल. म्हणजे मी गेल्यावरही ती राहील. घरी कोणी पाहुणा आला की माझा धाकटा भाऊ माझा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून दाखवतो. ‘हे बघा, खाली हे दोन स्क्रू, आणि वर हा तिरका.’ इतक्या कौतुकाने दाखवतो की वाटावं यानेच बसवलेत. एका अर्थी त्यानेच बसवलेत, पण असं काही बोललो की घरातली सगळी माझ्यावर तुटून पडतात.

आम्ही दोघे भाऊ रंगारी. वडील रंगारी होते, त्यांनीच आमची जोडी लावून दिली. मी वर, तो खाली. छताच्या कडेला माझा ब्रश सरळ चालतो, फूटपट्टी लागत नाही, म्हणून मी शिडीवर. धाकट्याचा हात कधीच सरळ चालला नाही. त्याची जीभ चालते, म्हणून तो खाली राहून गिऱ्हाइकाशी बोलणार, रंग कालवणार आणि शिडी धरणार. लहानपणापासून त्याला सगळे गुळ्या म्हणतात. आम्ही ज्या घरांना रंग दिला तिथल्या लोकांना भिंती कोणी रंगवल्या ते आठवत नसेल, पण गुळ्या रस्त्यात दिसला की त्याला चहाला बोलावतात.

वडिलांनी शिडीचा एक नियम घालून दिला होता. खालच्याला शिडी सोडायची असेल, रंगाचा दुसरा डबा भरायला, पाणी प्यायला, कशालाही, तर त्याने आधी आवाज द्यायचा, ‘सोडतोय.’ वरच्याने काम थांबवायचं, ब्रश डब्यात अडकवायचा, दोन्ही हातांनी शिडी घट्ट पकडायची आणि मग म्हणायचं, ‘सोड.’ ते ऐकल्यावर खालच्याने हात काढायचा. परत आला की शिडी पकडून ‘धरली’ म्हणायचं, तोवर वरच्याने हलायचं नाही. आणि वर असताना खाली बघायचं नाही. खाली बघितलं की तोल जातो आणि रेघही जाते. हे आमच्या इतकं अंगात मुरलं होतं की बायको म्हणते, मी झोपेतही ‘सोड’ म्हणायचो. सगळं आयुष्य मी भिंतीकडे तोंड करून काढलं. माझ्या पाठीमागे खाली काय चालायचं ते मला फक्त ऐकू यायचं.

पडलो तो एका नव्या घराच्या दिवाणखान्यात. खाली गुळगुळीत फरशी. गुळ्याचा आवाज आला, ‘सोडतोय.’ मी ब्रश अडकवला, हात शिडीकडे नेले, ‘सोड’ म्हटलं, आणि शब्द पुरता बाहेर पडतोय तोच शिडी पायाखालून निघाली. पडल्यावर मला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे माझा पाय, जो पाय वळूच शकत नाही अशा बाजूला वळला होता. दुसरा गुळ्या. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला, रंगाच्या बादलीपाशी, हातात डबा घेऊन उभा होता.

‘सोड’ ऐकल्यावर हात काढणारा माणूस एवढ्यात बादलीपाशी पोचला कसा? हा प्रश्न मी दवाखान्यात विचारला आणि तिथून माझं वाईटपण सुरू झालं.

‘दादा, तू सोड म्हणालास की नाही?’ गुळ्या म्हणाला. त्याचे डोळे रडून सुजले होते.

‘म्हणालो.’

‘मग मी सोडली. आवाज देऊन सोडली रे. आईची शपथ.’

आईची शपथ म्हटल्यावर विषय संपला. माझा नाही, बाकीच्यांचा. ‘भाऊजी तिकडे दोन घास खाईनात तुमच्या काळजीनं,’ बायको म्हणाली, ‘आणि तुम्ही त्यांनाच धरून बसलाय. तुम्हाला भूल दिली होती, तुम्हाला काय आठवणार?’ मी म्हटलं, ‘भूल पडल्यावर दिली. पडण्याआधी नव्हती दिली.’ तिने विषय बदलला, पण पटल्यामुळे नव्हे.

खरं सांगायचं तर सेवा त्याने केली. घरी आणल्यावर मला उचलून पलंगावर ठेवलं त्याने. भांडं द्यायला आणि न्यायला तो. अंग पुसायला तो. टाके काढले तेव्हा माझा हात धरून बसला होता तो. नखं काढली, दाढी केली, आणि दाढी करताना गिऱ्हाइकांच्या इतक्या नकला केल्या की मला हसू आवरेना आणि हसलो की मांडीत कळ जायची. ज्याच्यावर रागवायचं तोच आपली पाठ पुसत असेल तर माणसाने रागवायचं कुठे तोंड करून? पाहुणे म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मी छताकडे बघायचो. छताच्या कोपऱ्यात पोपडा आला होता आणि रंगाऱ्याच्या घरात तो काढायला कोणाला वेळ नव्हता.

मला त्याच्याकडून एकच वाक्य हवं होतं. ‘दादा, माझी चूक झाली.’ बस. मग झालेलं सगळं मी पाण्याशिवाय गिळलं असतं. पण बाकी सगळं देणारा माणूस तेवढं देईना, आणि मग त्याने दिलेलं बाकीचं सगळं मला कडू लागायला लागलं.

व्यायाम करून घ्यायला एक बाई यायची. तिला आम्ही मास्तरीणबाई म्हणायचो, कारण ती तशीच दरडावायची. पहिल्यांदा गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायला सांगितली तेव्हा मी आवळली आणि काहीच हललं नाही. मी बघत राहिलो. शिडीवर दिवसदिवस उभी राहणारी मांडी ती, आता पायजम्याच्या आत नुसतं कातडं लोंबत होतं. ‘मेंदूनं हुकूम द्यायचा, काका,’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘देतोय, घरात ऐकतं कोण?’

मग टाच गादीवरून घासत जवळ आणायची. मग पलंगाच्या कडेला बसायचं. मग वॉकर धरून उभं राहायचं. उभा राहिलो तेव्हा खोली फिरली आणि पाय इतका सुजला की बोटं एकमेकांना चिकटली.

‘वजन टाका, काका.’

‘टाकतोय.’

‘हातांवर टाकताय. पायावर टाका. सळई आहे आत, मोडत नाही.’

सळई मोडणार नव्हती, ते मला ठाऊक होतं. पण पायावर वजन टाकणं म्हणजे दुसऱ्यावर भरवसा टाकणं, आणि तो माझ्याकडे शिल्लक नव्हता. स्वतःचा पाय, पण मला तो परका वाटायचा. तोही सोडून देईल, न सांगता.

एकदा तिने माझ्या कमरेला पट्टा बांधला आणि मागून धरला. वॉकर काढून घेतला. ‘पलंगापासून दारापर्यंत. मी धरलंय.’ मी निघालो. घामाने सदरा भिजला. ‘धरलंय ना?’ मी विचारायचो. ‘धरलंय, धरलंय,’ मागून उत्तर यायचं. दाराची चौकट हाताला लागली आणि घरात टाळ्या वाजल्या. वळून बघतो तर मास्तरीणबाई तिथे पलंगापाशीच उभी. ‘मी केव्हाच सोडलं होतं, काका! बघा, चाललात की नाही एकटे?’

माझ्या अंगाची आग झाली. ‘सोडण्याआधी आवाज द्यायचा!’ मी ओरडलो. ‘कोणी शिकवलं नाही तुम्हाला? धरलंय म्हणता आणि सोडता? लाज नाही वाटत?’ बाईचं तोंड एवढंसं झालं. बायकोने तिची माफी मागितली, माझ्यादेखत. आणि गुळ्या पोट धरून हसत होता. पुढे येईल त्याला तो हा किस्सा सांगायचा, माझ्या आवाजाची नक्कल करून. ‘दादाला चालवलं, तर दादा म्हणतो आवाज का नाही दिला!’ लोक हसायचे. तो हे सांगताना एकदाही अडखळला नाही, एकदाही त्याच्या मनात काही आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मग एका संध्याकाळी माझी लेक घरी आली ती केसांत पांढरा रंग घेऊन.

माझी लेक एका फोटो स्टुडिओत कामाला होती. जुन्या फोटोंवरचे डाग काढायची, फाटलेले चेहरे जोडायची. तो स्टुडिओ बंद पडला हे मला माहीत होतं. पुढचं मला कोणी सांगितलं नव्हतं.

‘कुठे होतीस?’

‘काकाबरोबर.’ तिने आईकडे बघितलं. ‘शाळेच्या सभागृहाचं काम आहे, बाबा. सुट्टी संपायच्या आत द्यायचंय. काकाला वर चढणारं कोणी मिळेना.’

‘आणि तू चढलीस.’

‘रेघ तुमच्यासारखी येते, काका म्हणतो.’

बायको ताटं घेण्याच्या निमित्ताने आत गेली. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. एक मीच तेवढा घरात परका.

मी आवाज चढवला नाही. विचारलं, ‘काका आवाज देतो?’

‘देतो की! प्रत्येक वेळी देतो. पहिल्याच दिवशी नियम शिकवला त्यानं.’ मला ‘तुम्ही’ म्हणणारी ही पोर गुळ्याला ‘तू’ म्हणते.

‘आवाज देतो तेव्हा त्याचा हात कुठे असतो?’

‘शिडीवर. अजून कुठे असणार?’

‘तू बघितलास?’

‘मी भिंतीकडे बघते, बाबा. खाली बघायचं नाही ना?’

नियम तिला चोख पाठ होता. मी म्हटलं, ‘उद्यापासून जायचं नाही.’ झालं. बायको बाहेर आली. ‘पाय बरा होतोय तुमचा, पण मन काही बरं व्हायला तयार नाही. ती हौसेनं करतेय, घर चाललंय, आणि सख्खा काका खाली उभा आहे. अजून काय पाहिजे?’ गुळ्याला बोलावलं गेलं. तो माझ्या पायाशी बसला, सळईच्या बाजूला हात ठेवला. ‘दादा, माझ्या पोटच्या पोरीसारखी आहे ती. मी तिला पडू देईन?’

हीच तर अडचण होती. तो मलाही पडू देणार नव्हता.

लेक दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशीही. ती निघाली की मी घड्याळ बघायचो नाही, जिन्यात तिची चप्पल वाजेपर्यंत नुसता पडून राहायचो. ते सभागृह मी ओळखत होतो. आम्हीच पूर्वी रंगवलं होतं. उंची दोन मजल्यांची, आणि खाली लाकडी जमीन, मेण लावून घासलेली. तिच्या हाडात सळई बसवायची वेळ आली तर सळईवर भागेल की नाही कोण जाणे. बोलून उपयोग नव्हता. मला तिथे जाऊन, खाली उभं राहून, एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. माझ्या पायांचा त्यापलीकडे मला काही उपयोग उरला नव्हता. शिडी डॉक्टरांनी कायमची बंद केली होती.

मी व्यायामाला लागलो तशी मास्तरीणबाई खूश झाली. दहाचे वीस मी स्वतःहून करायचो. दुखलं तरी मी दात खाऊन करायचो, आणि दात खाताना समोर कोणाचा चेहरा असायचा ते मी तिला सांगितलं नाही. वॉकर गेला, काठी आली. जिना शिकवला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. ‘उतरताना दुखऱ्यालाच पुढे का करायचं?’ मी विचारलं. ‘कारण चांगला वर राहून भार सांभाळतो,’ ती म्हणाली. मला ते आमच्या घरासारखंच वाटलं. दुखरा पुढे, चांगला मागे राहून नाव कमावतो.

बायको सामान आणायला बाहेर पडली त्या सकाळी मी काठी घेतली आणि जिना उतरलो. दुखरा आधी. खालच्या पायरीवर गुडघा थरथरला, पण टिकला.

रस्त्याला लागल्यावर कळलं, घरात चालणं म्हणजे काहीच नव्हतं. घरातली जमीन सरळ असते. इथे फूटपाथ प्रत्येक फाटकापाशी उतरतो आणि परत चढतो. फरश्या उचकटलेल्या, मध्येच कोणाची तरी स्कूटर. मी लंगडतोय हे मला दुकानांच्या काचांत दिसत होतं, म्हणून मी काचांकडे बघणं सोडलं. चपला शिवणाऱ्याने हाक मारली, ‘काय पेंटर, लागले का चालायला?’ मी म्हटलं, ‘नाही, लोळत आलो.’ तो हसला आणि त्याने आपलं स्टूल पुढे केलं. बसलो असतो तर परत उठलो नसतो, म्हणून बसलो नाही. रस्ता ओलांडताना एका गाडीवाल्याने एवढा भोंगा वाजवला की मी मध्येच थांबलो. मग त्यालाच थांबावं लागलं. मांडीत, सळईच्या वरच्या टोकाला, आता एक ठणका बसला होता.

सभागृहाचं दार उघडंच होतं. आत रंगाचा ओला वास. बाकं सगळी एका बाजूला ढकललेली. मी दाराच्या आत, खांबाच्या आडोशाला टेकलो. आडोसा मुद्दाम नव्हता, टेकायला तेवढंच होतं.

लेक वर होती, पार छताच्या कडेला. तिची पाठ माझ्याकडे. ब्रश असा सरळ चालला होता की क्षणभर मी कशासाठी आलोय तेच विसरलो. माझी रेघ. माझ्यापेक्षा बरी, खरं तर. खाली गुळ्या एका हाताने शिडी धरून गाणं गुणगुणत होता.

मग त्याने हात काढला. गुणगुणतच निघाला, हात पायजम्याला पुसला, सभागृह ओलांडून बादलीपाशी गेला, डबा उचलला, आणि तिथून, बादलीवर वाकून, म्हणाला, ‘सोडतोय गं!’

वर लेकीने ब्रश अडकवला. दोन्ही हातांनी शिडी पकडली. ‘सोड!’

एकही शब्द चुकला नव्हता. वडिलांनी सांगितलेले सगळे शब्द, त्याच क्रमाने. फक्त हात त्यांच्या आधीच निघून गेला होता. किती वर्षं? माझ्या पाठीमागे, मी भिंतीकडे बघत असताना, कितीदा? खाली कधी सिमेंट होतं, कधी माती, म्हणून शिडी जागची हलली नाही आणि मी ‘सोड, सोड’ म्हणत राहिलो, हवेला परवानगी देत. आणि तो खोटंही बोलला नव्हता. आईची शपथ घेऊन तो जे बोलला ते त्याला खरंच वाटत होतं. मला वाटलं होतं, खोटं पकडलं की माझ्या मनावरचं ओझं उतरेल. इथे पकडायला खोटंच नव्हतं. तिथे उभ्या उभ्या मला भावाचा इतका राग आला की तेवढा पाय मोडला तेव्हाही आला नव्हता.

शिडीचा खालचा पाय मेणावर सरकला. बोटभर. लेकीला कळलंही नसेल.

मी काठी टाकली की ती पडली, मला माहीत नाही. मधली जमीन मी कशी ओलांडली तेही नाही. शिडीचे दोन्ही खांब माझ्या हातात होते आणि छाती शिडीला टेकलेली, एवढंच मला कळलं.

‘दादा!’ गुळ्याच्या हातून रंग सांडला. ‘अरे दादा! काठीशिवाय! अगं बघ, बघ, तुझा बाप चालला!’ तो धावत आला, त्याच्या डोळ्यांत पाणी. खरं पाणी, ते मी ओळखतो. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. ‘वहिनीला फोन करतो. थांब, आधी फोन करतो. काठीशिवाय आला रे माझा भाऊ!’

‘तू आधी हात सोडतोस,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘आत्ता सोडलास. बादलीपाशी गेलास आणि मग आवाज दिलास. त्या दिवशीही असाच गेलास.’

मग त्याच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, गिऱ्हाइकाची तक्रार आली की येतं ते. त्याने मान वर केली. ‘अगं, मी आवाज दिला की नाही?’

‘दिला, काका,’ वरून उत्तर आलं.

‘बघ!’ गुळ्या मला म्हणाला. ‘दादा, डोक्यातून काढून टाक रे हे. चालायला लागलास, आनंदाचा दिवस आहे. कशाला विष कालवतोस?’

‘बाबा, भांडण घरी करा ना,’ लेक भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. तिच्या आवाजात वैताग होता. ‘कड सुकतेय. जोड दिसेल मग.’

ओली कड सुकू द्यायची नाही, हे मीच तिला लहानपणी घर रंगवताना शिकवलं होतं. मी शिडी धरून उभा राहिलो. पाय आता उघडपणे लटलटत होता. ‘सोड, मी धरतो,’ गुळ्या म्हणाला. मी मान हलवली. ‘नको म्हणतो, तर नको,’ तो म्हणाला, जरा दुखावल्या आवाजात, आणि डबा भरायला निघाला. जमिनीवर सांडलेला रंग त्याने पायाने चुकवला. बादलीपाशी पोचला, वाकला.

‘सोडतोय गं!’ तो म्हणाला.

वर ब्रश थांबला. लेकीने तो डब्यात अडकवला, दोन्ही हातांनी शिडी पकडली आणि म्हणाली, ‘सोड!’

शिडी माझ्या हातात होती.

गुळ्या डबा बुडवता बुडवता थांबला. ‘सवय बघ!’ म्हणत तो हसला, पण ते हसू त्याच्या तोंडावर पुरतं आलंच नाही. तो आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होता. त्याचं तोंड हललं. ‘दादा...’ म्हणाला. त्यापुढचं जे वाक्य होतं, त्यासाठी मी एवढे दिवस पलंगावर पडून छत बघितलं होतं. आता ते माझ्यापर्यंत आलं असतं तरी मी ते ठेवणार कुठे होतो, मला कळेना.

‘डबा आण,’ मी म्हटलं. ‘कड सुकतेय.’

मी मान वर केली. माझी लेक खाली बघत होती. नियम मोडून, मान पुरती वळवून, पहिल्यांदाच. आधी लांब बादलीपाशी उभ्या असलेल्या काकाकडे, मग माझ्याकडे. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि शिडीवरची तिची बोटं इतकी आवळली होती की ती सुटेनात.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘धरलीय ना?’

‘धरलीय,’ मी म्हटलं. ‘उतर. बघत बघत उतर.’